६१७४ चा उपयोग काय?

गरिबाच्या मुलाने शिकावे, असे आता सारेच म्हणतात. त्याने काय शिकावे, हेही सारेच सांगतात. ज्याने लवकर हाताला काम मिळेल ते शिकावे. आयटीआय करावे, वायरिंग शिकावे, शिलाई शिकावी, मोबाईल दुरुस्ती शिकावी. सल्ला वाईट नाही. आमच्या पिढीतील कितीतरी घरे याच सल्ल्यावर उभी राहिली. पण या सल्ल्याच्या पोटात एक अट दडलेली असते आणि ती फक्त गरिबालाच घातली जाते. सुखवस्तू घरातला मुलगा सतार शिकू लागला, दुर्बिणीतून तारे पाहू लागला, तर त्याला छंद आहे असे कौतुकाने सांगतात. आमच्या मोहल्ल्यातला मुलगा कागदावर आकडे मांडून हरखून बसला, तर पहिला प्रश्न येतो, 'याचा उपयोग काय?' या अटीविषयी आम्हाला बोलायचे आहे आणि तेही एका संख्येच्या निमित्ताने. ती संख्या ६१७४.

नीती आयोगाने २०१८ साली देशातील मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित जिल्हे' असे नाव दिले. त्यात महाराष्ट्राचे चार होते. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आमचा तेव्हाचा उस्मानाबाद. पाऊस येथे हुलकावणी देतो, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या भरतात, आणि मुलांच्या शाळा त्या गाड्यांबरोबर सुटतात. अशा जिल्ह्यात आम्ही सात-आठ मित्र दरवर्षी १७ जानेवारीला एकत्र जमतो आणि एका स्थिरांकाचा जलसा करतो, हे ऐकून कोणी हसले तर आम्ही रागावणार नाही. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एक शिंपी, एक बँकेतून निवृत्त झालेले कारकून, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार आणि एक चहाच्या हॉटेलाचे मालक. खर्च म्हणाल तर चहा आणि कुंथलगिरीचा पेढा. सामग्री म्हणाल तर रद्दी कागद आणि पेन्सिली.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. वडील कारकून, ज्योतिषाचा नाद असलेले. त्या नादातून आकडेमोड घरात आली आणि मुलाने ज्योतिष सोडून आकडेमोड तेवढी उचलली, हे आम्हाला फार शहाणपणाचे वाटते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. एवढीच त्यांची हुद्द्याची कहाणी. बाकी सारी कहाणी संख्यांची. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. गणिताच्या पुस्तकात नावे ठेवायची तर थोरांची ठेवतात, नाहीतर रूक्ष तरी ठेवतात. या मास्तरांनी संख्येला आनंदाचे नाव दिले. लोक त्यांना गणितानंद म्हणत, त्यात थोडे कौतुक असेल, थोडी चेष्टाही असेल.

ज्या वाचकांना कापरेकरांचा स्थिरांक ठाऊक नाही त्यांच्यासाठी रीत सांगतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. सारे अंक एकच नसावेत, एवढेच पथ्य. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तेच करा. शून्य पुढे आले तर ते टाकू नका. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता, आणि आल्यावर तिथेच राहता, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. कापरेकरांना हे १९४६ च्या सुमारास सापडले आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. ६१७४ चे अंक मिळवले तर १८ होतात आणि १८ ने भागले तर बरोबर ३४३ येतात. म्हणजे मास्तरांचा स्थिरांक स्वतःही हर्षदच निघाला.

आमच्या जलशाचा रिवाज असा की प्रत्येकाने आपल्या मनातले एक साल कागदावर लिहायचे आणि ते मुक्कामापर्यंत न्यायचे. साल का लिहायचे, तर आमच्या जिल्ह्यात सालांना तोटा नाही. येथे एके काळी निजामाचा हाली सिक्का चालत असे आणि हद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. सरकारी दफ्तरात फसली सन असे. १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पायाखालची जमीनसुद्धा स्थिर नसते, हे उमरगा-लोहारा भागाने आणि शेजारच्या किल्लारीने पाहिले. मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ साली जाऊन सरकारी कागदावर धाराशिव आले. त्याबद्दल आमच्या सातजणांत सात मते आहेत आणि ती सारी एकमेकांना पाठ आहेत. त्या संध्याकाळी ती मते आम्ही चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

तर पाहा. १९४८ दोन वजाबाक्यांत पोहोचते. ९८४१ मधून १४८९ गेले, ८३५२ राहिले. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. १९५६ ला तीन लागतात. १९६० ला पूर्ण सात. १९८२ ला दोन. २०२३ ला सहा. एका वर्षी आमच्यातल्या एकाने १९९३ लिहिले. त्याचे आजोळ सास्तूरकडचे. ९९३१ मधून १३९९, उरले ८५३२. त्यातून २३५८, उरले ६१७४. दोनच ओळी. कोणी काही बोलले नाही, चहा थोडा थंड झाला, आणि मग दुकानदारांनी आपला कागद पुढे केला.

येथे माणसाचे मन लगेच वाकड्या वाटेने जाऊ लागते. १९४८, १९८२ आणि १९९३ या तिन्हींना दोनच पायऱ्या का? यात काही इशारा तर नाही? आमचे मुख्याध्यापक अशा वेळी कठोर होतात, आणि व्हायलाच हवे. ते फळ्यावर मांडून दाखवतात की पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट घ्या, मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट घ्या, दोन्ही मिळवा. १९८२ मध्ये पहिला फरक ८, दुसरा ६. १९९३ मध्येही ८ आणि ६. म्हणून दोन्हींचे उत्तर ८५३२. १९४८ मध्ये ८ आणि ४, म्हणून ८३५२, ज्याचे अंक तेच आहेत. झाले. या हिशेबाने पाहिले तर दहा हजारांच्या आसपास असलेल्या साऱ्या चार अंकी संख्या पहिल्याच वजाबाकीत फक्त ५४ उत्तरांत गोळा होतात, आणि ती ५४ उत्तरे कोणीही एका बैठकीत तपासून पाहू शकतो. जादू उरत नाही. नवल मात्र उरते, आणि आमच्या अनुभवाने ते वाढते.

संख्येपासून काही मागणे आणि संख्येवर खूष होणे, यातला फरक आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज आहे, असे आम्हाला वाटते. ७८६ चेच पाहा. अबजदच्या रीतीने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते. कागद पायदळी पडून बेअदबी होऊ नये म्हणून कोणी वर आकडा लिहितो, त्यामागची भावना समजते. पण ज्या नोटेच्या नंबरात ७८६ आहे ती बरकतीसाठी जपून ठेवणे, ती चढ्या किमतीला विकत घेणे, गाडीचा तोच नंबर मिळावा म्हणून पैसे मोजणे, ही संख्येवरची मुहब्बत नव्हे, हा संख्येशी केलेला सौदा आहे. हेच सारे हिंदू शेजाऱ्याच्या अंकशास्त्रालाही लागू आहे. गंमत म्हणून ७८६ वर मास्तरांची रीत चालवून पाहा. १९८, ७९२, ६९३, ५९४ आणि पाचव्या वजाबाकीला ४९५. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ आहे, तिथेच ती जाते, जशी ३२१ जाते, जशी ९०७ जाते. आकडा कोणाचीही ओळख ठेवत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. तो आमच्या हॉटेलवाल्या भाईंनी पहिल्याच वर्षी विचारला होता. सात वजाबाक्या करून, घाम पुसून, ६१७४ वर आल्यावर ते म्हणाले, "सर, आया तो सही, अब इसका करना क्या?" सारे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आपल्या परंपरेतूनही येतो. जे इल्म नफा देत नाही त्यापासून पनाह मागणारी दुआ आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग ६१७४ हे कोणते इल्म? याने ना वारशाचा हिशेब होतो, ना किब्ला सापडतो, ना विहिरीला पाणी लागते.

यावर झटपट उत्तर देणारे असतात. ते म्हणतात, आज निरुपयोगी वाटणारे गणित उद्या उपयोगी पडते. अंकशास्त्रातल्या मूळ संख्यांचा कोणाला उपयोग नव्हता, आज बँकांचे व्यवहार त्यांच्यावर सुरक्षित राहतात. हे खरे आहे. पण ही सबब आम्ही पुढे करणार नाही. तिने उपयोगाची अट मान्यच होते, फक्त मुदत वाढवून मिळते. शिवाय ६१७४ बाबत तशी वेळ येईलच असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

आम्ही नफा या शब्दाकडेच पुन्हा पाहतो. अल् ख्वारिज्मी यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा हिस्सा वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे. तो नफा उघड आहे. पण त्याच परंपरेत जमशीद अल् काशी आहेत. १४२४ साली समरकंदला उलुग बेगच्या आश्रयाखाली त्यांनी वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर काढले, आपल्या हिशेबाने १६ दशांश स्थळांपर्यंत अचूक. त्यासाठी त्यांनी कल्पिलेल्या बहुभुजाकृतीला ८० कोटी ५३ लाख ६ हजार ३६८ बाजू होत्या. एवढी अचूकता कशाला? तर साऱ्या विश्वाच्या परिघात घोड्याच्या केसाएवढीही चूक राहू नये म्हणून. कोणत्या गवंड्याला, कोणत्या जमीन मोजणाऱ्याला याची गरज होती? १५९६ साली युरोपात लुडोल्फ फान कॉइलन यांनी पुढे पाऊल टाकीपर्यंत पावणेदोन शतके हा हिशेब कोणाला ओलांडता आला नाही. आम्ही अल् काशींचे नाव अभिमानाने घेतो, सभांत घेतो, स्मरणिकांत छापतो. आणि त्यांच्यासारखाच आकड्यात बुडालेला मुलगा आपल्याच घरात दिसला की त्याला गॅरेजवर पाठवतो. हा अभिमान कसला?

इमाम गझाली यांनी आपल्या आत्मकथनात गणिताबद्दल मोठी सावध गोष्ट लिहिली आहे. गणितात दीनच्या बाजूचे वा विरुद्ध असे काही नाही, असे ते म्हणतात, पण त्यापासून दोन अपाय दाखवतात. गणिताची अचूकता पाहून काही लोक तत्त्ववेत्त्यांचे बाकीचे सारे म्हणणेही तितकेच पक्के समजतात, हा एक. आणि दीनचा नादान दोस्त साऱ्या विद्या नाकारून दीनचेच हसे करतो, हा दुसरा. नऊशे वर्षे झाली तरी दोन्ही नमुने आपल्या आसपास आहेत. आम्ही त्यात भीतभीत तिसरा नमुना मिळवतो. विद्येला मान देतो पण तिने रोज संध्याकाळी घरी पैसे आणावेत असे म्हणतो, तो. (जाता जाता, गझालींचे निधन ११११ साली झाले. मास्तरांच्या रीतीने पाहता हे असे साल, जे पहिल्याच वजाबाकीत शून्य होते. यातून कोणी काही अर्थ काढू नये. आमच्यातल्या एकाने काढला होता, त्याला त्या दिवशी पेढा मिळाला नाही.)

दुसऱ्या टोकाला हार्डी आहेत. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनना ओळखणारे. १९४० साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात आपले गणित कोणाच्या उपयोगाचे नाही, हे ते जवळजवळ अभिमानाने सांगतात. आणि त्याच पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्या बाजूला सारतात. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे उलट लिहिलेल्या संख्येच्या पटी. हार्डींच्या मते अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, खऱ्या गणितात त्यांना स्थान नाही. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. आमचे मुख्याध्यापकही त्यांच्याच बाजूचे. ते पायचे भक्त आहेत आणि दरवर्षी कुरकुरतात की ६१७४ हा दहा बोटांच्या प्राण्याचा स्थिरांक आहे. माणसाला आठ बोटे असती, आपण आठाच्या हिशेबाने मोजले असते, तर हा मुक्काम राहिला नसता. पाय मात्र कुठल्याही बोटांनी मोजा, तोच. युनेस्कोने २०१९ साली १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिवस ठरवला तो पायच्याच मानाने, हेही ते ऐकवतात. आमचे शिंपी मित्र त्यावर म्हणतात की १४ मार्च आपण १४/३ असा लिहितो, तेव्हा आपला पाय दिवस २२ जुलैच, बावीस सप्तमांश. वाद दरवर्षी तिथवर येतो आणि दरवर्षी चहा येतो.

पण हार्डींना 'उपयोग काय' असे विचारून कोणी खाली बसवले नाही, आणि त्यांच्या पगारातही कपात केली नाही. तेवढीच मोकळीक देवळालीच्या मास्तरांना नव्हती. त्यांच्या शोधांना देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी खेळ म्हणून बाजूला सारले. आपल्या पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांचे नाव कळले, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले. दारुड्याला जशी ती धुंदी सुटू नये असे वाटते तसे आपले संख्यांबाबत आहे, असे त्यांनी एकदा म्हटले होते. उपमा आपल्या मंडळींना रुचणारी नाही, पण तिच्यातला खरेपणा कळतो. या माणसाने आयुष्यभर निरुपयोगी आनंदाची मागणी केली आणि शाळामास्तराच्या पगारात ती पुरी करून घेतली.

भुकेल्या माणसापुढे आनंदाचे गुणगान करणे हा निर्लज्जपणा असतो, हे आम्ही जाणतो. ६१७४ ने टँकर येत नाही, गळीत हंगाम थांबत नाही. पोट भरण्याची विद्या आधी, यावर आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो 'आधी'चे 'फक्त' होण्याशी. २००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हापासून मुसलमानांच्या शिक्षणावर पुष्कळ चर्चा झाली, त्यातली बहुतेक गरजेची होती. पण मुलांची गळती किती आणि नोकऱ्यांत टक्का किती, हे मोजताना, ज्याला शाळेत कधी नवल वाटलेच नाही तो मूल शाळेत का टिकेल, हा प्रश्न आम्ही क्वचित ऐकला. ज्या घरात दुसरे काही वाटण्यासारखे नाही, तिथे नवल वाटून घेता येते आणि वाटल्याने एकाचाही हिस्सा कमी होत नाही. पेढ्याचे तसे नाही. पेढे आम्ही मोजून आणतो.

एकट्यानेही ६१७४ वर पोहोचता येते, मग मित्र कशाला, असेही एकाने विचारले होते. खरेच, त्या संख्येला साक्षीदार लागत नाही. पण दोघांनी वेगवेगळ्या सालांवरून निघावे, एकाने दोन पायऱ्यांत यावे, दुसऱ्याने सातात, आणि दोघांनी मान वर करून एकमेकांच्या कागदाकडे पाहावे, त्या पाहण्यात जे आहे ते कापरेकरांच्या वाट्याला फार उशिरा आले. आम्ही जमतो ते बरेचसे त्यासाठी.

गेल्या दोन वर्षांपासून शिक्षक मित्र आपल्या वर्गातली मुले घेऊन येतात. मुले मराठी शाळेतली आहेत, उर्दू शाळेतलीही आहेत. पहिली आपले आकडे एका वळणाचे लिहितात, दुसरी दुसऱ्या वळणाचे, आणि वजाबाकी करताना हातचा मात्र सारखाच घेतात. एका सातवीतल्या मुलीने सारे झाल्यावर विचारले, "चाचा, पाँच आकड्यांचा घर कुठे आहे?" मुख्याध्यापकांनी तिला एवढेच सांगितले की पाच अंकी संख्यांना असे एक घर नाही, त्या तीन वेगवेगळ्या फेऱ्यांपैकी एकीत फिरत राहतात, कोणत्या ते तू शोध. पंधरा दिवसांनी तिने वहीचे पान पाठवले. ५३९५५ वरून ५९९९४, आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. एक फेरी सापडली होती. पानाखाली तिने लिहिले होते, दोन बाकी.